शिक्का नसलेलं वजन

आमची खरी नावं फक्त शाळेच्या दाखल्यावर होती. घरात थोरली ताई म्हणजे छटाक आणि मी पासरी. ही नावं बाबांनी ठेवली. बाबा तराजू दुरुस्त करायचे आणि जुन्या मापांखेरीज लाडाचे दुसरे शब्द त्यांना सुचत नसत. छटाक म्हणजे मुठीत मावेल एवढं, पासरी म्हणजे चांगले पाच शेर. कोणाला कोणतं नाव का मिळालं, हे आम्हा दोघींना शेजारी उभं केलं की आंधळ्यालाही कळलं असतं. आता ताई साठीकडे झुकली आहे, चारही बाजूंनी भरली आहे, आणि मी तिच्याहून बारीक आहे. तरी फोनवर मी तिला अजून छटाकेच म्हणते आणि ती "बोल गं पासरे" म्हणून सुरुवात करते.

घराची पुढची खोली हेच बाबांचं दुकान. भिंतीभर खिळे, खिळ्यांना लोखंडी दांड्या, दांड्यांखाली एकात एक बसवलेली पितळी पारडी. तेलाचा आणि पितळ घासायच्या भुकटीचा वास मी आजही डोळे मिटले की घेऊ शकते. गल्लीतला किराणावाला, भाजीवाली, सोनार, सगळ्यांचे काटे बाबांच्या हाताखालून जायचे. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं. वजन झिजलं की थोडं शिसं वाढवायचं, जास्त भरलं की खरवडून काढायचं. मग वर्षातून एकदा वजनमाप खात्याचा साहेब येऊन त्या शिशावर सरकारी शिक्का मारायचा. शिक्का नसलेलं वजन बाबा दुकानात ठेवतसुद्धा नसत, असं मी पन्नास वर्षं लोकांना सांगत आले.

आत्याचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीचं, दोन घरं सोडून दूध-लोण्याचं दुकान होतं. एकदा तिने आपला काटा दुरुस्तीला आणला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली की केसभर माझ्या बाजूने झुकू दे, तेवढ्याने कोणी मरत नाही. बाबांनी काटा नीट करून, दोनदा तपासून परत पाठवला. आत्या सहा महिने त्यांच्याशी बोलली नाही. बाबा म्हणायचे, बहीण बोलत नाही म्हणजे काटा बरोबर लागलाय.

दर रविवारी सकाळी आमचं वजन व्हायचं. आढ्याच्या कडीला एक मोठा तराजू टांगलेला होता, पोती मोजायचा. त्याच्या साखळ्या धरून पारड्यात मांडी घालून बसायचं. बाबा दुसऱ्या पारड्यात एकेक वजन ठेवायचे, आणि एका क्षणी आपलं बूड जमिनीवरून उचललं जायचं. ते उचललं जाणं मला फार आवडायचं. आई दारात वही-पेन्सिल घेऊन उभी. ताईला पाच-पाचची दोन वजनं आणि वर चिल्लर, मला मात्र दहाचं एक मोठं आणि मग बाकीची. ते दहाचं माझ्याखेरीज कोणाला वापरत नसत, आणि ताईचा त्यावरून जळफळाट व्हायचा. मग सगळे श्वास धरून वर काट्याकडे बघायचे. बाबांचा एकच नियम होता: काटा थरथरतोय तोवर बोलायचं नाही.

पुढे मी शिवणकाम शिकले आणि तीस वर्षं बायकांची मापं घेतली. पोट आत ओढून, श्वास कोंडून समोर उभी राहिलेली बाई दिसली की मला तो रविवार आठवतो. त्यांना मी सांगते, सोडा श्वास, मला नंतर उसवायला लावू नका.

वजन करण्याचं हे खूळ कुठून आलं ते सांगायला हवं. ताई झाली ती चार तासांत. सुईण बोलवायला गेलेले बाबा परत येईपर्यंत ती आत्याच्या हातात होती, दोन किलोची, मांजराच्या पिल्लाएवढी. मी मात्र दोन दिवस आईला छळलं. शेवटी इस्पितळात नेऊन तिचं ऑपरेशन केलं. तिला जाग आली तेव्हा मी न्हाऊन, गुंडाळून, दूध मागत शेजारी तयार होते. चार किलोला थोडी कमी.

आत्या बघायला आली आणि पाळण्यात वाकून म्हणाली, आयतं आलेलं पोर आयतंच फुगणार. हे ती नंतरही म्हणत राहिली, वेगवेगळ्या शब्दांत. कळा देऊन झालेली मुलं काटक निघतात, पोट कापून काढलेली बसून खातात. आत्या वाईट नव्हती. जिभेला हाड नव्हतं एवढंच. पण आईच्या मनात ते रुतून बसलं. तिला आधीच वाटत होतं की ताईला तिने जन्म दिला आणि मला कोणीतरी आणून दिलं. मग मी दोन वर्षांची झाले, तीनची झाले, माझ्या मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या पडल्या, आणि रस्त्यात कोणी माझा गाल ओढून "काय खायला घालता हो हिला" म्हणालं की आई खाली बघायची.

मी तिसरं ओलांडलं त्या हिवाळ्यात आईने माझं खाणं तोडलं. दुधाचा पेला अर्धा झाला आणि त्यातही पाणी. पावाला लोणी बंद. ताईच्या ताटातला बटाटा मी उचलला तर हातावर चापट. ताईला मात्र मागे लागून भरवणं चालू, आणि ताई तोंड फिरवून बसलेली. जगात न्याय नाही हे मला तेव्हाच कळलं.

लहानपणीचं फारसं कोणाला आठवत नाही म्हणतात. मला ती भूक आठवते. एका दुपारी आई कपडे वाळत घालायला गेली होती. मी दुधाच्या पातेल्यावरचं झाकण घेऊन दुकानात, कपाटाच्या मागे जाऊन बसले आणि झाकणाला चिकटलेली साय जिभेने चाटून काढत होते. वर बघितलं तर बाबा. मला वाटलं आता मार बसणार. त्यांनी खाली बसून अंगठ्याने माझा ओठ पुसला. अंगठ्याला तेलाचा वास होता. झाकण स्वतः नेऊन जागेवर ठेवलं आणि कामाला बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझं वजन उतरायला लागलं. साडेअठरा किलोची मी अठरा तीनशे झाले, मग अठरा, मग थेट साडेसतराच्या जवळ. दर रविवारी आई आकडा लिहायची, मागचं पान उलटून बघायची, आणि तिच्या कपाळावरची आठी थोडी सैल व्हायची. आत्याला तिने वही नेऊन दाखवली. आत्या म्हणाली, बरं झालं, कळा नाही तर नाही, अंगाला वळण तरी लागलं. पेला पुन्हा काठोकाठ भरला. लोणी परत आलं. मी सात वर्षांची होईपर्यंत उंच झाले, वळ्या आपोआप गेल्या, वही कुठेतरी पडली आणि रविवारची वजनं थांबली. मला वाईट वाटलं होतं. जमिनीवरून उचलून घेणारं आता कोणी नव्हतं.

हे सगळं मी एक गोड आठवण म्हणून सांगत असे. या वर्षीपर्यंत.

माझ्या लेकीला मुलगी झाली, ऑपरेशनने. नात चौदा महिन्यांची आहे, साडेबारा किलोची, हसली की डोळे गायब. मला तर ती बघून आमच्या दुकानाची आठवण येते. पण लेकीने फोनवर कुठेतरी वाचलं की ऑपरेशनने झालेली मुलं पहिल्या काही वर्षांत जास्त वजनाची असू शकतात. आत्याचंच वाक्य पन्नास वर्षांनी इस्त्री करून परत आलं होतं. मुलांच्या डॉक्टरांनी तिला समजावलं की तसा थोडा कल काही ठिकाणी दिसतो, पण वजनाला दहा कारणं असतात, पोरगी खेळती आहे, भुकेप्रमाणे खाऊ द्या. लेकीने त्यातलं "थोडा कल दिसतो" एवढंच घरी आणलं.

तिच्या स्वयंपाकघरात आता एक पांढरा सपाट काटा आहे, आकडे उजळणारा. सकाळ-संध्याकाळ नातीला त्यावर ठेवायचं. दुधाच्या बाटलीवर तिने शाईने रेघ मारली आहे, तिच्या वर एक थेंब नाही. मी गेले तेव्हा नात रिकामी बाटली उलटी धरून, मान मागे टाकून थेंबाची वाट बघत होती. मी बोलले. जरा जास्तच बोलले, माझा स्वभाव तसा आहे. लेक भांडली नाही, ते जास्त लागलं. ती म्हणाली, "तुला नाही कळणार, आई. तू मला नीट जन्म दिलास."

मी घरी आले. शिवायला बसले तर बाही उलटी लावली.

त्याच आठवड्यात दुकान रिकामं करायचं होतं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आई आता मागच्या एका खोलीपुरती उरली होती. भंगारवाला आला, सोबत त्याचा हुकाचा इलेक्ट्रॉनिक काटा. आई खुर्चीत बसली होती, ऐंशी वर्षांची, पण तराजूवाल्याची बायको. ती म्हणाली की आधी तुझा काटा बघू, मग सामान. बाबांची शिक्क्याची वजनं एकेक त्याला लटकवायला लावली. एकचं एक भरलं, दोनचं दोन, पाचचं पाच. ग्रॅमसुद्धा इकडे-तिकडे नाही. भंगारवाल्याने कान पकडले. म्हणाला, असा माणूस मी पाहिला नाही.

मग मी कौतुकाने माझं दहाचं वजन आणलं. धुळीने माखलेलं होतं, पण हाताला लगेच ओळखू आलं. लटकवलं. आकडा आला दहा किलो नऊशे.

मी भंगारवाल्यावर घसरले. काटा वरच्या बाजूला खोटा आहे, लहान वजनांना बरोबर दाखवतो आणि मोठ्यांना भलतंच, असला बिघडलेला काटा तराजूवाल्याच्या घरात आणू नकोस. त्याने पाच-पाचची दोन्ही वजनं एकत्र लटकवली. बरोबर दहा. मग माझं दहाचं उलटं करून मला बूड दाखवलं. भोक कोरून मोठं केलेलं होतं आणि त्यात काठापर्यंत शिसं ओतलेलं, एकावर एक थर. वर शिक्का नव्हता.

दुसऱ्या पारड्यातलं वजन जड असेल तर पारड्यातलं मूल हलकं भरतं. हे सांगायला तराजूवाल्याची मुलगी असावं लागत नाही. मला ते कळलं. सख्ख्या बहिणीसाठी केसभर न झुकलेल्या माणसाने घरात पासंग लावला होता. थराथराने, आठवड्याआड थोडा थोडा, म्हणजे मी हळूहळू उतरतेय असं दिसावं. आणि ताईला पाच-पाचची दोन का, तेही कळलं. तीच खोट तिला लावली असती तर ती हवेतच उडून गेली असती.

आईकडे बघितलं तर तिला काहीच नवल वाटलेलं नव्हतं. तिने भंगारवाल्याला सांगितलं की हे एक सोडून बाकीचं घेऊन जा. तो गेल्यावर मी विचारलं, तुला माहीत होतं?

"महिन्याभरात कळलं," आई म्हणाली. "तुझं वजन उतरत होतं आणि फ्रॉक तर घट्टच होत होता. तुला किराणावाल्याकडे नेलं, साखरेच्या पोत्याशेजारी त्याच्या काट्यावर बसवलं. अठरा सहाशे. तो काटा आदल्याच आठवड्यात ह्यांनी दुरुस्त करून दिला होता. अख्ख्या गल्लीचे काटे खरे करून ठेवले आणि घरात खोटं वजन. लपवायला जागा तरी ठेवायची."

ती हसली, मग थांबली. मी विचारलं की मग त्यांना बोलली का नाहीस.

"काय बोलणार? घरी येताना तू रस्ताभर माझं बोट चोखत होतीस, त्याला साखर लागली होती म्हणून. मी तिथेच बसले, दुकानाच्या पायरीवर. म्हटलं, हा माणूस देवाला भीत नाही पण खोट्या मापाला भितो. त्याने तुझ्या एका पेल्यासाठी हे केलं. म्हणजे मी काय करत होते गं पोरीला?" तिने पदराने चष्मा पुसला. "त्या दिवशी पेला भरला. रविवारी ते सांगतील तो आकडा वहीत लिहीत गेले. त्यांना वाटू दिलं की मी फसले. शेवटपर्यंत."

थोड्या वेळाने मी तिला लेकीचं सगळं सांगितलं. काटा, रेघ, उलटी बाटली, आणि ते वाक्यही. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि चपला शोधायला लागली. म्हणाली, मला तिच्याकडे घेऊन चल, आणि तो धोंडा उचल.

जवळजवळ अकरा किलोचं लोखंड पिशवीत घालून मी तीन जिने चढले. मागून आई, एकेका पायरीवर दम घेत. लेकीने दार उघडलं, कडेवर नात. आईने पाणीसुद्धा घेतलं नाही. ते वजन तिने नातीच्या पांढऱ्या काट्यावर ठेवायला लावलं. दहा किलो नऊशे. लेकीला वाटलं आजीचं डोकं फिरलं.

मग आईने सांगितलं. आत्याचं बोलणं, रविवारची वही, हे शिसं, सगळं, पण बाबांचं कौतुक करत नव्हे, स्वतःवर घेत.

"तुझ्या आईच्या वेळी माझं पोट कापलं," ती लेकीला म्हणाली. "मला वाटायचं, मी हिला नीट जन्म दिला नाही, तर निदान नीट मापात तरी बसवावी. म्हणून हिला अर्धपोटी ठेवली. हिवाळाभर. ही माझ्याकडे बघत बसायची, पेल्याकडे नाही, माझ्याकडे. वजन तिचं तिचं उतरलं, चार वर्षांनी, उंच झाल्यावर. ती भूक मात्र मी दिलेली. हिने मला कधी विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही."

आणि ती माझ्याकडे वळली. पन्नास वर्षांत आईने मला अशा नजरेने पाहिलं नव्हतं. रविवारी मी पारड्यात बसून वर काट्याकडे बघायचे, तशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आठवतं का गं तुला काही?"

मला झाकण आठवत होतं. सायीची खारट-गोड चव, कपाटामागची धूळ, तेलाचा अंगठा, सगळं आठवत होतं.

"छे," मी म्हणाले. "काही नाही आठवत. मला तर तो हिवाळा आठवतो तो दुधाच्या काठोकाठ भरलेल्या पेल्यानेच."

आईने माझा हात धरला आणि दाबला. "बाबांवर गेलीस," ती म्हणाली. "खोटं वजन घालतेस."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. लेक आमच्या दोघींकडे बघत राहिली, मग त्या लोखंडाकडे, मग नातीकडे. काहीतरी म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, पण आईने मान हलवून मला गप्प केलं. काटा थरथरतोय तोवर बोलायचं नाही.

नातीने रिकामी बाटली लेकीच्या खांद्यावर आपटली. लेकीने बाटली घेतली, ओट्याशी गेली, आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभी राहिली. मग तिने दूध ओतायला सुरुवात केली. शाईच्या रेघेशी तिचा हात क्षणभर थांबला आणि पुढे ओतत गेला.

नात जमिनीवर त्या वजनाला टेकून बसली आणि दोन्ही हातांनी बाटली धरून प्यायली.